अर्धं धुवायचं

शेजारच्या कॅरननं काल पुन्हा फिजोआंची पिशवी आमच्या दारासमोरच्या लाकडी डेकवर ठेवली. ठेवली म्हणजे ठेवून पळाली. एप्रिलच्या अखेरीला वेलिंग्टनजवळच्या आमच्या अप्पर हटमध्ये हा एक सार्वजनिक उद्योगच असतो. ज्याच्या अंगणात फिजोआचं झाड आहे तो रोज सकाळी झाडाखालचा सडा बघून कपाळाला हात लावतो, बादल्या भरतो आणि त्या कुणाच्या गळ्यात मारता येतील ते शोधत हिंडतो. फाटकाबाहेर खोकी, खोक्यांवर 'फ्री' लिहिलेलं. ऑफिसांच्या किचनमध्ये पिशव्या. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेलं तर दुकानदारसुद्धा दुधाबरोबर चार फिजोआ हातात कोंबतो. आई म्हणायची, "या देशात फिजोआ विकत घेणारा माणूस एक तर मूर्ख असला पाहिजे, नाहीतर त्याला जगात एकही ओळखीचं नसलं पाहिजे."

फळ दिसायला काहीच नाही. अंड्याएवढं, हिरवं, खरबरीत. पेरूच्या घराण्यातलं, पण घर सोडून लांब निघून गेलेलं. वास मात्र असा की एक फळ किचनमध्ये ठेवलं तर बेडरूममधल्या उशीलासुद्धा कळतं.

मी पिशवी आत आणली नाही. संध्याकाळी मंदार वेलिंग्टनहून ट्रेननं आला, बूट काढता काढता म्हणाला, "अगं, फिजोआ बाहेर का? रात्री ते मांजराएवढे पॉसम येऊन फडशा पाडतील."

"पाडू देत."

माझ्या नवऱ्याचा एक गुण आहे, दुसऱ्यांदा विचारत नाही. त्यानं हात धुतले आणि गॅसवर चहा टाकला.

मागच्या वर्षी या दिवसांत हे फिजोआ खाणारी तीन तोंडं होती. पर्ल, हेक्टर आणि आई. तिघंही आता नाहीत. त्यातली दोघं चिंपांझी होती हे आताच सांगून टाकते, नाहीतर पुढे घोळ होईल. आणि आईला मी अशी त्यांच्या ओळीत बसवली हे तिला कळलं असतं तर तिनं पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, काढून माझ्यामागे लागायला कमी केलं नसतं.

गावाच्या पुढे रस्ता डोंगर चढायला लागतो तिथे एक कच्चा फाटा फुटतो. पाटीबिटी काही नाही. आत दोन फाटकं, मग कुंपण, मग आणखी एक कुंपण. सर्कशीतून सोडवलेले चिंपांझी म्हातारपण काढायला ठेवले होते ती ही जागा. लोकांना बघायला बंदी. लोकांनी बघून बघूनच त्यांचं आयुष्य नासलेलं होतं, आता आणखी कशाला? मी कामाला लागले तेव्हा तिथे दोघंच उरले होते. पर्ल आणि हेक्टर. दोघांची पन्नाशी उलटलेली, म्हणजे त्यांच्या हिशेबानं पिकली पानं.

मी पुण्याकडची, शिकून जनावरांची डॉक्टर झालेली. इथे यायचं तर पुन्हा परीक्षा. ती काही माझ्याच्यानं झाली नाही आणि मग हे काम मिळालं. आई पहिल्यांदा आली तेव्हा मी गमबूट धूत होते. बघून म्हणाली, "एवढी वर्षं डोळे फोडून शिकलीस ती माकडांची घाण काढायला?"

"माकडं नाहीत गं, एप आहेत. शेपूट नसते."

"शेपूट नसली म्हणून घाण करत नाहीत का?"

घाण करायचे, आणि भरपूर करायचे. सकाळी पोचलं की कपडे बदलायचे, गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, तोंडाला मास्क. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर उठते. कुलूप लावलं की एकीनं ओरडायचं "लॉक्ड!", दुसरीनं ते ओढून बघून ओरडायचं "चेक्ड!" मी घरी गॅसचा कॉक बंद करतानासुद्धा "लॉक्ड" म्हणायचे आणि आई हॉलमधून म्हणायची, "झालं का तुझं!" त्यांच्या खोलीत ते असताना कधीच पाऊल टाकायचं नाही, कितीही जीव लागलेला असो. त्यांना दुसऱ्या खोलीत घ्यायचं, मधला सरकता लोखंडी दरवाजा बंद करायचा आणि मग आत जाऊन खराट्यानं झाडायचं. माया करायची ती जाळीतून. पर्ल पाठ टेकवून बसायची, तिच्या केसांतून दोन बोटं फिरवायची. तेवढंच.

ट्रिश म्हणजे आमची मुख्य. साठीची, अंगानं काडी, आवाज फौजदाराचा. तिनं पहिल्याच दिवशी मला एक नियम शिकवला. त्यांची पांघरुणं, गवत, पोती, जे काही असेल ते सगळं एकदम धुवायचं नाही, एकदम बदलायचं नाही. अर्धं धुवायचं, अर्धं ठेवायचं. कालचा वास आज उरला पाहिजे. "हाफ, मेट. ऑल्वेज हाफ." आमच्याकडे चादरीवर चहाचा थेंब सांडला तरी पलंग रिकामा होतो, आणि इथे मुताचा वास जपून ठेवायचा! पण एकदा नव्या पोरीनं चुकून सगळी खोली धुतली तेव्हा मी पाहिलं. पर्ल आत आली, थबकली आणि टाळ्या वाजवायला लागली. सर्कशीत घाबरली की टाळ्या वाजवायला शिकवलेली ती, प्रेक्षकांना वाटावं मजेत आहे. दुपारभर वाजवत होती. तेव्हापासून मला कुणी टाळ्या वाजवल्या की आवडत नाही, वाढदिवसालासुद्धा.

हेक्टरची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे पुढचे दात सर्कशीत काढून टाकलेले, चावू नये म्हणून. त्यामुळे फिजोआ त्याला फोडता यायचा नाही. तो फळ उचलायचा आणि पर्लसमोर धरायचा. ती दातानं टचकन् फोडायची, अर्धं स्वतः ओरपायची, अर्धं त्याला. कधी पूर्णच गिळून टाकायची आणि दुसरीकडे बघायची. मग तो असा काही तोंड करायचा की आम्ही जाळीबाहेर हसून हसून बेजार. ट्रिश म्हणायची, कितीतरी जोडपी याहून वाईट चाललेली असतात.

आईनं नाव ऐकलं आणि म्हणाली, "हेक्टर? नावातच हेकटपणा आहे." तेव्हापासून तो हेकटराव. पर्लचं मोती करणार होती, पण मोती म्हणजे कुत्रं झालं, म्हणून पर्लबाई. संध्याकाळी मी घरी आले की आधी माझी चौकशी नाही, "काय म्हणतात पर्लबाई?" आई बाबांनंतर एकटीच कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहत होती, शेवटी मी बळेबळे इकडे आणली. दिवसभर घरात बसून करणार काय? तिनं माझ्या फोनवर दोघांचे फोटो पाहिले, ती भेट मिळालेली पॉलिस्टरची पांघरुणं पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ही कसली प्लॅस्टिकची पांघरुणं. म्हातारं हाड याने कुठे ऊब धरतं?" आणि गोधडी शिवायला बसली. तिच्या दोन सुती साड्या, माझा जुना कुर्ता, मंदारचे शर्ट. ट्रिशनं बजावलं होतं की बटण नको, सैल दोरा नको, बोट अडकेल असं काही नको. आईनं इतके बारीक टाके घातले की ट्रिशनं हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "स्वीट अॅज." म्हणजे झकास. आईला ते इंग्रजी कळलं नाही, पण गोड काहीतरी म्हणाली एवढं पोचलं.

चिंपांझी रोज संध्याकाळी नवं अंथरूण घालतात. जंगलात फांद्या मोडून घालतात, इथे गवत आणि पांघरुणं. पर्ल दुपारपासून गोधडी काखेत मारून फिरायची. अंधार पडायला लागला की आत यायची, फळीवर गवत गोल रचायची, वर गोधडी अंथरायची, कडा आत दुमडायची, दाबून बघायची, मनाला आलं नाही की सगळं उसकटून पुन्हा. हेक्टर शेजारी ताटकळत उभा. तिचं झालं की तो कडेला शिरायचा आणि गोधडीचा एक कोपरा ओढून घ्यायचा. स्वतः अंथरूण घालायचं त्यानं कधीच सोडलं होतं.

मागच्या वर्षी फिजोआ असेच पडत होते. इथे एप्रिल म्हणजे हिवाळा तोंडावर, दिवस आखडत आलेले, सकाळी अख्खी दरी धुक्यात, घराघरांतून लाकडं जाळल्याचा धूर. पर्लचं मूत्रपिंड गेलं होतं. तीन-चार दिवस तिनं फक्त फिजोआचा गर चाटला. एका दुपारी ती आपल्या अंथरुणावरच गेली, हेक्टर शेजारी असताना.

आमच्याकडे पद्धत होती, मेलेल्याला लगेच उचलायचं नाही. मागे राहिलेल्याला त्याच्याजवळ बसू द्यायचं, त्याला कळेपर्यंत. माणसांत इतकी रीत कुठे असते? आमच्याकडे तर बाबांना नेताना "चला, चला, उशीर होतोय" हेच चाललेलं मला आठवतं. हेक्टरनं तिचा हात उचलला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. तिच्या डोळ्यांच्या कडा बोटानं साफ केल्या. मग खाली उतरला, कोपऱ्यातला एक फिजोआ घेऊन आला आणि तिच्या तोंडासमोर धरून बसला. ती फोडून देईल म्हणून. किती वेळ तो हात तसाच होता! ट्रिश भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मात्र रडले, मास्क ओला झाला आणि श्वास कोंडायला लागला तरी रडत राहिले.

पर्लला कसला संसर्ग तर नव्हता ना, हे रिपोर्ट येईपर्यंत कळणार नव्हतं. म्हणून डॉक्टरनं तिचं गवत, पोती, बाकीची पांघरुणं जाळायला सांगितली. गोधडी तेवढी उरली, कारण ती हेक्टरनं सोडली नाही. रिपोर्ट चांगला आला, पण बाकीचं जळून गेलं होतं. तो गोधडीत नाक खुपसून झोपायचा. मी फिजोआ कापून द्यायचे, तो कापलेल्या फोडी हुंगून बाजूला सारायचा, मग मला त्याची दया यायला लागली की एखादी खायचा. पण खायचा. संध्याकाळी आत यायचा. ट्रिश म्हणाली, गोधडी आहे तोवर तो निभावेल.

आणि गोधडी उसवायला लागली. इकडून तिकडे ओढून एक बाजू सुटली, दोऱ्याचे फास लोंबायला लागले. त्यात बोट अडकून आवळलं तर बोट जातं, मानेला अडकलं तर संपलंच. ट्रिशनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग मला म्हणाली, तुझ्या आईकडून नीट करून आण, एका दिवसात. हेक्टरला वस्तू बदलून द्यायची सवय होती. आपण खजूर दाखवायचा, त्यानं हातातली वस्तू जाळीच्या फटीतून सरकवायची, आणि वस्तू त्याची असेल तर ती त्याला परत मिळणारच, हा व्यवहार आमच्यात कधी मोडलेला नव्हता. त्यानं गोधडी सरकवली. खजूर घेतला नाही, नुसता बघत राहिला. मी मराठीत म्हटलं, "उद्या देते हं."

घरी आईच्या हातात गोधडी दिली, सुटलेले टाके दाखवले आणि उद्या परत न्यायची आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी वळवतानाच मला ती दिसली. मागच्या अंगणात दोरीवर. ऊन पडलेलं, वारा सुटलेला, आणि आईच्या साड्यांचे जांभळे-हिरवे रंग इतके स्वच्छ की लांबूनसुद्धा डोळ्यांत भरत होते.

आई हात पुसत बाहेर आली. खुशीत होती. "बघ, टाका शोधून दाखव! आणि दोनदा गरम पाण्यातून काढली गं बाई. टबातलं पाणी नुसतं काळंमिट्ट. मेलेल्याचं पांघरूण असं तसंच कसं परत द्यायचं बिचाऱ्याला?"

मी दोरीपाशी जाऊन गोधडीला नाक लावलं. साबण आणि ऊन. दुसरं काही नाही.

"आई," मी म्हटलं, "त्या घाणीतच सगळं होतं गं."

तिला कळलं नाही. कसं कळणार? आमच्याकडे माणूस गेलं की घर धुतात, भांडी घासतात, गादी उन्हात टाकतात, अंथरूण-पांघरूण धुवून देऊन टाकतात. तिनं तिच्या परीनं हेक्टरच्या घरचं केलं होतं. मला संताप आला होता, पण रागवायचं कुणावर? मी गोधडी गाडीत टाकली आणि परत डोंगर चढले.

हेक्टर धावत आला. त्याला धावताना मी कितीतरी महिन्यांनी पाहिलं. गोधडी फटीतून आत ओढून घेतली, चेहऱ्यावर धरली. मग एका टोकापासून हुंगायला लागला, प्रत्येक शिवण, उलटी केली, पुन्हा पहिल्यापासून. पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग ती खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि माझ्याकडे न बघता बाहेरच्या आवारात निघून गेला. मी ट्रिशला सांगितलं काय झालं ते. मला वाटलं ओरडेल. ती फक्त "ओह, लव्ह" म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी हेक्टर आत आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बाहेर उंच मचाण होतं, वर पत्र्याचा तुकडा, तीन बाजूंनी उघडं. तिथे गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. त्याचं हृदय आधीच कामातून गेलेलं. भूल देऊन आत आणावं तर डॉक्टर म्हणाला, भुलेतून उठेल याची खात्री मी देत नाही. ओढून आणावं तर माझ्यासारख्या पाच जणी त्याला पुरल्या नसत्या. आणि हवामानखातं सांगत होतं, आठवडाअखेर सदर्ली येणार. सदर्ली म्हणजे दक्षिणेकडून, थेट बर्फावरून येणारा वारा, कितीही कपडे घातले तरी हाडाला लागतो. त्याच्या आत त्यानं आपल्या पायांनी घरात यायला हवं होतं. बाकी कशाचं काही नव्हतं, एवढी एकच गोष्ट. आम्ही कोमट सरबत ठेवलं, खजूर ठेवले, मऊ पिकलेले फिजोआ फोडून ओळीनं दारापर्यंत मांडले. तो दारापर्यंत यायचा, मान आत घालून खोलीचा वास घ्यायचा आणि मागे फिरायचा.

आईला मी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "हेकटराव काय म्हणतात? आवडली का शिवण?" मग सांगितलं. सगळं. ती शेंगा सोलत होती, हात थांबले.

मग म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा तुझ्या मामीनं आणि शेजारणींनी सगळं धुतलं. दहाव्याच्या आत. चादरी, त्यांचे सदरे, स्वेटर, उशीचा अभ्रा. मी आंघोळीला गेले होते. येऊन बघते तर दोरीवर सगळं वाळतंय. मला तो अभ्रा हवा होता गं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? अभ्रा धुवू नका म्हणून? वेड लागलं म्हणाले असते." तिनं शेंगांची टरफलं गोळा केली. "त्या खोलीत मी नंतर झोपले नाही. हॉलमध्ये दिवाणावरच. तुम्हाला वाटायचं गुडघ्यांमुळे."

आम्हाला खरंच तसं वाटायचं. मी तर तिच्यासाठी कमी उंचीचा पलंग घ्यायला निघाले होते. इथेसुद्धा पाहुण्यांची खोली सोडून ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची आणि मी वैतागायचे, की खोलीत उबेला हीट पंप लावून दिलाय तो काय भुतांसाठी?

"अगं, मग तुला माहीत होतं ना," मी म्हटलं, "तरी तूच धुतलीस?"

"हात चालले," आई म्हणाली. "हातांना कोण विचारतं?"

मग तिनं मला गाडी काढायला लावली. ट्रिशनं बाहेरच्या कुंपणाशी प्लॅस्टिकची खुर्ची दिली, तिथून आत यायची बाहेरच्या कुणालाच परवानगी नव्हती. माझं जाकीट, मंदारची कानटोपी, वर शाल, असा अवतार करून आई बसली. मचाणावर तो, खुर्चीत ही. मधे दोन कुंपणं. ती अधूनमधून हाक मारायची, "या हो हेकटराव, आत व्हा. किती वेळ बसाल वाऱ्यात." त्यानं एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बस. काही चमत्कार झाला नाही. माणूस काहीतरी करायला धडपडतो, तसं हे आमचं चाललं होतं. पण ती रोज आली आणि दिवे लागेपर्यंत बसली.

सदर्ली आली ती दुपारीच. आधी पाऊस, मग पावसात बर्फाचे कण, पत्र्यावर मूठ मूठ खडे फेकल्यासारखे. ट्रिश आणि मी आतल्या बोळातून, जाळीपलीकडून बघत होतो. माझा जीव टांगणीला लागलेला. हेक्टर भिजत होता, केस अंगाला चिकटून एवढासा दिसत होता. मग तो उतरला. हळूहळू चालत दारापर्यंत आला. आत हात घातला, गोधडी ओढली आणि उंबरठ्यावर टाकून तिच्यावर बसला. पाठ आत, पाय बाहेर. त्याहून एक इंच आत यायला तयार नाही.

आवाराकडचा सरकता दरवाजा रात्री उघडा ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. तो बसला होता नेमका दरवाजाच्या खाचेत. ट्रिश म्हणाली, "राइट. दरवाजा इथेच थांबेल. घर पुढे नेऊ." खाटकाच्या थंड खोलीला असतात तसले जाड प्लॅस्टिकचे पट्टे आणून आम्ही वरच्या जाळीतून दारावर सोडले, त्याच्या मागे जाळीबाहेर हीटर लावला, उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना जाळीतूनच गवत सारलं. बाहेरच्या आवाराला दुप्पट कुलपं. लॉक्ड, चेक्ड, लॉक्ड, चेक्ड. तो अख्खा हिवाळा हेक्टर उंबरठ्यावर झोपला. ना आत, ना बाहेर. अंथरूण त्यानं एकदाही घातलं नाही. गोधडी खांद्यावर ओढून बसल्या बसल्या डुलकी काढायचा. जुलैपर्यंत तिला पुन्हा वास यायला लागला होता, पण तो नुसता त्याचाच होता.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी तो उठला नाही. पद्धतीप्रमाणे जवळ बसायला त्याचं असं कुणी उरलंच नव्हतं. मग ट्रिश बसली, मी बसले. आम्ही पहिल्यांदाच त्याच्या खोलीत तो असताना आत गेलो, आणि मी पहिल्यांदा त्याचा अख्खा हात हातात घेतला. तळवा माझ्याएवढाच मऊ होता. बाहेर खुर्चीवर आई होती. गोधडी त्याच्याबरोबरच दिली, तशीच, न धुता.

त्या दिवशी आई सोफ्यावरची आपली उशी उचलून खोलीत गेली. मी बघतेय हे पाहून म्हणाली, "हॉलमध्ये वारा फार लागतो." एवढंच. मग वसंत ऋतू आला, पोहुटुकावाच्या झाडांना लाल तुरे आले, ख्रिसमस झाला. ती त्या खोलीतच झोपली. जानेवारीतल्या एका दुपारी, छान ऊन असताना, जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

आता डोंगरावरच्या फाटकाला साखळी आहे. ट्रिश पामर्स्टन नॉर्थला बहिणीकडे गेली. परवा तिचा मेसेज आला, 'इथे हीप्स ऑफ फिजोआ. खायला कोणी नाही.' मी आता कुत्र्या-मांजरांच्या एका दवाखान्यात काम करते. तिथे सगळं दिवसातून चारदा पुसतात, कशालाच कशाचाच वास नसतो.

आई गेली तेव्हा मामीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. चांगल्या मनानंच म्हणाली, "सगळं धुवून टाका गं, अंथरूण-पांघरूण देऊन टाका. घरात ठेवू नये." मंदार बिचारा लगेच उठला. चादर, शाल, दोन्ही उशांचे अभ्रे, गाऊन, सगळं कवेत घेऊन लाँड्रीत गेला आणि मशीनचं दार उघडलं. मी धावत त्याच्यामागे गेले.

"अर्धंच," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चादर आणि गाऊन आत टाकला, शाल आणि अभ्रे माझ्या हातात दिले. दुसऱ्यांदा विचारत नाही तो.

एक अभ्रा अजून तिच्या पलंगावरच्या उशीला आहे. खोबरेल तेल, बाम आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. खोलीचं दार मी लावून घेते. आठवड्यातून एकदा उघडते, पटकन् आत जाते, पटकन् बाहेर येते. आधी दारातच वास यायचा. आता उशीवर नाक टेकवावं लागतं.

म्हणून फिजोआ डेकवर आहेत, घरात दुसरा वास नको. रात्री पॉसमनी अर्धे खाल्ले. उरलेल्यांचा वास सकाळी दार उघडताच अंगावर आला, आणि मी घाईघाईनं दार लावून घेतलं.